नॉन-मूव्हिंग स्टॉक

आप्पा कॉम्प्युटर उघडणार अशी कुणकुण लागली की काकू आधी गॅलरीतली वाळवणं आत घेतात. कारण त्या विधीची सुरुवात धूळ उडवण्यापासून होते. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढायचं, ते धूड गॅलरीत न्यायचं, पंख्याच्या पात्याला बोट लावून तो धरून ठेवायचा आणि सायकलच्या पंपाने आतली धूळ शेजारच्या इमारतीकडे रवाना करायची. एकदा धुळीबरोबर पालीची दोन अंडी निघाली. काकू किंचाळल्या. आप्पांचा चेहरा मात्र उजळला. "बघ, म्हणजे आत तापमान किती योग्य राहतंय!"

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, चष्मा कपाळावर, स्क्रू ओठांत आणि स्क्रूड्रायव्हर नेमका कुठे ठेवला हे घरातल्या बाकीच्यांनी लक्षात ठेवायचं. नवा कॉम्प्युटर घेणं या माणसाच्या तत्त्वात बसत नाही. तो 'अपग्रेड' करतो. अपग्रेड म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅम नवी, एसएमपीएस नवा, वेळ पडली तर कॅबिनेटही नवं. ड्राइव्ह मात्र जुनेच. हार्ड डिस्क जुनी, सीडी रायटर जुना आणि ज्यात गेल्या कित्येक वर्षांत कोणी काही घातलेलं नाही तो फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा जुनाच. "चालू आहेत ना? मग?" असं तो विचारतो. या 'मग?'चं उत्तर आजवर कोणत्याही बायकोला, मुलाला किंवा दुकानदाराला देता आलेलं नाही.

आमचे आप्पा डोंबिवलीचे. एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये उभी नोकरी काढली. निवृत्त ते एकटेच झाले. स्टोअर्स त्यांच्याबरोबर घरी आलं. कंपनीत नियम होता, जुनं बेअरिंग जमा केल्याशिवाय नवं इश्यू व्हायचं नाही. तो नियम आता काकूंच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. नवा झारा हवा असेल तर आधी जुना दाखवावा लागतो, आणि तो खरोखर वाकलाय की नुसता कंटाळा आलाय याची तपासणी होते. पलंगाखाली श्रीखंडाचे रिकामे डबे रांगेने लावलेले आहेत. प्रत्येक डब्याला दोऱ्याने एक बिन कार्ड बांधलेलं. त्यावर आवक, जावक, शिल्लक. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे, म्हणून डबेही वेगळे. कोणी एकातला स्क्रू दुसऱ्यात टाकला तर आप्पा दिवसभर जेवायला तोंड उघडतात, बोलायला नाही. एवढ्या सामानाचं करायचं काय, असं कोणी विचारलंच तर त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "नॉन-मूव्हिंग म्हणजे निकामी नव्हे."

पहिला कॉम्प्युटर आला २००२ साली. असेंबल्ड, पेन्टियम फोर, १२८ एमबी रॅम, पंधरा इंची डबडा मॉनिटर आणि ४० जीबीची हार्ड डिस्क. मुलगी नववीत होती. काकूंनी त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. चाळीस जीबी भरायला आपल्याला सात जन्म लागतील, असं दुकानदार म्हणाला होता आणि आप्पांना ते मनापासून पटलं होतं. पण घरी येऊन बघतात तर स्क्रीनवर ३७.२ जीबी! आप्पांनी त्याच संध्याकाळी दुकान गाठलं. मोजून घेतलेल्या मालात तूट त्यांनी कधी खपवून घेतली नव्हती. दुकानातल्या पोराने समजावलं की कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या, म्हणून आकडा कमी दिसतो. माल तेवढाच आहे. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले आणि बिन कार्डावर लिहिलं: 'तूट २.८ जीबी. पुरवठादाराचं स्पष्टीकरण प्राप्त. समाधानकारक नाही.' ते कार्ड मी पाहिलंय. शाई उडाली आहे, नाराजी शाबूत आहे.

त्या डिस्कवर आप्पांचा जीव जडला तो तेव्हापासून. ज्या मालासाठी भांडावं लागतं तो माल असा सहजासहजी टाकवत नाही.

पहिलं अपग्रेड झालं २००७ च्या सुमारास. कोअर टू ड्युओ आला होता, सगळीकडे त्याचाच बोलबाला. जुन्या बोर्डावर चपट्या रुंद केबली जोडायच्या दोन जागा असत, नव्यावर एकच राहिली होती. म्हणजे हार्ड डिस्क आणि सीडी रायटर एकाच केबलवर नांदवायचे. त्यासाठी एक मास्टर, दुसरा स्लेव्ह ठरवावा लागतो आणि ते ठरवणारी वस्तू म्हणजे जंपर: तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी, काळी, दोन पिनांवर बसणारी टोपी. ड्राइव्हच्या मागे सुईच्या टोकाएवढ्या पिना आणि वर लेबलावर मुंगीच्या अक्षरातला नकाशा. दोन्ही ड्राइव्हनी मास्टर व्हायचं ठरवलं तर कॉम्प्युटर दोघांनाही ओळख दाखवत नाही.

मला बोलावणं आलं. "अरे, जरा बॅटरी धरायला ये."

ही बॅटरी धरणं म्हणजे काय ते धरल्याशिवाय कळत नाही. आपण उकिडवे बसलेलो, हात कॅबिनेटमध्ये घुसवलेला, उजेड नेमका आप्पांच्या बोटाच्या सावलीवर. "इकडे. इकडे रे. तिकडे काय आहे? तिकडे एसएमपीएस आहे, तो दिसतोय मला." आपण हात हलवतो. "आता हलवू नकोस." आपल्या नाकावर घाम येतो. आपण तो पुसतो. "उजेड गेला!" अशा एका क्षणी आप्पांच्या चिमट्यातून जंपर निसटला. घरात मोझॅकच्या फरश्या, त्यावर काळे, करडे, पांढरे ठिपकेच ठिपके. "कोणीही जागचं हलू नका!" आप्पा ओरडले. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हातात उलथनं घेऊन थांबल्या. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. आप्पा आणि मी गाल फरशीला टेकवून तिरक्या नजरेने शोधत होतो. मागे तव्यावरचं थालीपीठ करपल्याचा वास यायला लागला, पण उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. शेवटी जंपर सापडला आप्पांच्याच बंडीच्या खिशात. त्या दिवसापासून तो प्रकार काकूंच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात राहतो. काकू कोणाला हळदीकुंकू लावायला बसल्या की आधी करंडा हलवून बघतात.

सगळं जोडून झाल्यावर निळा पडदा आला. विंडोज एक्सपीला जुन्या घराची सवय, नव्या बोर्डावर डिस्कपर्यंत जायचा रस्ताच तिला सापडेना. खाली शून्यांच्या रांगेच्या शेवटी '७बी' असं काहीतरी. आप्पांनी तो क्रमांक लिहून घेतला, आणि तेव्हापासून ते कोणत्याही न सुटणाऱ्या प्रश्नाला 'सेव्हन बी' म्हणतात. म्युनिसिपालिटीचं पाणी, शेजारच्या खोपकरांचं पार्किंग, सगळं सेव्हन बी. विंडोज नव्याने घालावी लागली. ती सीडी कुठून आली, हे त्या काळी कोणी कोणाला विचारत नसे.

पुढे २०११ साली थायलंडमध्ये मोठा पूर आला. तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कच्या किमती अचानक चढल्या. थायलंडच्या लोकांबद्दल आप्पांना खरंच वाईट वाटलं, पण त्या आठवड्यात त्यांची चाल बदलली होती. पेपरमधलं कात्रण घेऊन ते सोसायटीभर फिरले. घरात तेव्हा तीन जुन्या डिस्क होत्या. सोन्याचा भाव वाढल्यावर लोक आपल्या बायकोच्या पाटल्यांकडे ज्या नजरेने बघतात, तसे ते पलंगाखाली वाकून बघत होते.

दुसरं अपग्रेड कोअर आय थ्रीचं. यावेळी नव्या बोर्डावर जुन्या केबलची जागाच उरली नव्हती. सगळीकडे साटाच्या बारक्या केबली. शहाणा माणूस इथे नवी डिस्क घेतो. आप्पांनी मला घेऊन लॅमिंग्टन रोड गाठायचं ठरवलं. सोबत कॅबिनेट. "माप घेऊन गेलेलं बरं." गर्दीच्या वेळेआधीची लोकल, दादरला उतरून पश्चिमेच्या धीम्या गाडीत, ग्रँट रोडला उतरून पायपीट. कॅबिनेट मांडीवर घेऊन बसायला कोणी देईना, म्हणून आम्ही मालडब्यात चढलो. तिथे कोथिंबिरीच्या गाठोड्यांमध्ये आप्पांनी ते उभं ठेवलं. एका मावशींनी विचारलं, "टीव्ही बिघडला का?" आप्पांनी डोंबिवली ते दिवा त्यांना मास्टर आणि स्लेव्ह समजावून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "आमच्यात पण तसंच. दोघी जावा एका चुलीवर." आप्पा म्हणतात, आजवर इतक्या लवकर कोणालाच कळलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवर दुकानागणिक एकच संवाद. "आयडीई का कार्ड है?" "अंकल, वो अब नहीं आता. नया ले लो, सस्ता है." सस्ता हा शब्द ऐकला की आप्पा दुकानाची पायरी उतरतात. शेवटी एका गाळ्याच्या पोटमाळ्यावरून एका पोराने धूळ खात पडलेलं एक कार्ड काढून दिलं. मालकालाही ते आपल्याकडे आहे याचा पत्ता नव्हता. आप्पांनी त्याला बिन कार्डाचं महत्त्व सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं, कारण विकलं जाईल अशी त्याला आशा नव्हती आणि समोर विकलं जात होतं. कार्ड, ते बसवायला पीसीआयची खाच असलेला बोर्ड, त्या बोर्डाला चालणारा एसएमपीएस, तिघांचं प्रवासभाडं आणि येताना दादरला वडापाव. त्या पैशांत दोन नव्या डिस्क आल्या असत्या, हा हिशेब काकूंनी त्याच रात्री केला. आप्पांनी तो तपासला, बरोबर निघाला, आणि तरी ते म्हणाले, "पण मग ही कुठे गेली असती?"

या प्रश्नापाशी काकूसुद्धा गप्प बसतात. कारण आप्पांचं म्हणणं असं की नवी डिस्क कोणीही घेईल, जुनीला कोण आहे?

आता त्या डिस्कवर आहे तरी काय, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. मुलीचा बारावीचा प्रोजेक्ट. महाबळेश्वरचे फोटो, त्यातल्या निम्म्यांत आप्पांचं बोट. रेशनकार्डाचं स्कॅन, वाकडं. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर टू', असे 'न्यू फोल्डर इलेव्हन'पर्यंत. नवी डिस्क आली की आप्पा जुनीची सगळी नक्कल तिच्यावर करतात आणि जुनीही ठेवतात. त्यामुळे 'बॅकअप फायनल'मध्ये 'ओल्ड सी', त्याच्या पोटात 'ओल्ड ओल्ड सी' आणि त्याच्या पोटात पुन्हा 'बॅकअप'. महाबळेश्वरचा तोच सूर्यास्त घरात चार ठिकाणी होतो. ड्राइव्हची अक्षरं ए पासून के पर्यंत गेली होती एका काळी. पेनड्राइव्ह लावला तर त्याला कुठलं अक्षर मिळणार यावर मुलगी पैज लावत असे.

मधली ८० जीबीची डिस्क एका पावसाळ्यात टकटक आवाज करू लागली. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. आप्पांना कोणीतरी सांगितलं होतं की अशी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली की थोडा वेळ तरी जागी होते. दुसऱ्या दिवशी मोदकांसाठी खवलेला नारळ काढायला काकूंनी फ्रीजर उघडला तर डब्याशेजारी दोन पिशव्यांत गुंडाळलेली डिस्क, गळ्यात बिन कार्ड: 'उपचार चालू.' ती नंतर चालली की नाही याबद्दल दोघांची मतं वेगळी आहेत. आप्पा म्हणतात चालली, वीस मिनिटं. काकू म्हणतात, ती वीस मिनिटं डिस्कची नव्हती, आप्पांच्या कानांची होती. डिस्क अजून डब्यात आहे. काकूंनी तो फ्रीजर मात्र लिंबू लावून धुतला.

मीही त्यांना हसत होतो, सोसायटीचा मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज निघेपर्यंत. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही की जिल्हा उपनिबंधकांकडे हा अर्ज करावा लागतो आणि त्याला जुनी कागदपत्रं लागतात. आमची तळमजल्यावरच्या ऑफिसात होती. २६ जुलै २००५ च्या पावसाने त्यांचा लगदा केला होता. २००४ साली बिल्डरला पाठवलेलं पत्र आणि सभासदांची मूळ यादी, दोन्ही हवं होतं. तेव्हा सेक्रेटरी होते आप्पा. कमिटीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग सगळे मिळून दुसऱ्या मजल्याकडे.

आप्पांनी पंप आणला नाही की झाकण उघडलं नाही. नुसते के ड्राइव्हवर गेले, 'ओल्ड ओल्ड सी', त्यात 'सोसायटी', त्यात 'बिल्डर कडक पत्र'. फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. युनिकोड रुळण्याआधी मराठी ज्या फॉन्टात टाइप करत, तो फॉन्ट नसला की असंच दिसतं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. आप्पांनी शेजारचाच फोल्डर उघडला, त्याचं नाव होतं 'मराठी फॉन्ट, डिलीट करू नये, कोणीही'. फॉन्ट घातला आणि पडद्यावर ओळी सरळ झाल्या: 'महोदय, आपण आजवर दिलेल्या सर्व आश्वासनांची यादी सोबत जोडली आहे.' यादी तीन पानांची होती. तारखांसकट.

वार्षिक सभेत शाल-श्रीफळाचा ठराव आला. आप्पा उठून म्हणाले, "शाल आहे घरी. चांगली आहे अजून. द्यायचंच असेल तर ऑफिसातला तो बंद पडलेला सीपीयू द्या." ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला. काकू तेव्हा दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही, एवढंच मी पाहिलं.

मायक्रोसॉफ्टचं आणि आप्पांचं कधी फारसं जमलं नाही. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट बंद झाला तेव्हा ते म्हणाले होते, "मी कुठे त्यांचा सपोर्ट घेत होतो?" पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचीही मुदत संपली आणि इलेव्हनने आय थ्रीला दारातच अडवलं. टीपीएम टू नाही, प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, चालणार नाही. "चालतोय की समोर!" आप्पा स्क्रीनला म्हणाले. "चालणाऱ्याला चालणार नाही म्हणतात. मलाही अठ्ठावन्नला असंच म्हणाले होते."

दिवाळीत मुलगी आली ती एक खोका घेऊन. आत तळहाताएवढा मिनी पीसी. सगळं त्यातच, बोर्ड, रॅम, चिपसारखी डिस्क, इलेव्हनसकट. "बाबा, आता ते धूड काढा. टेबल मोकळं होईल." आप्पांनी तो हातात घेऊन वजन केलं, उलटा केला, खालचे चार स्क्रू पाहिले (बारीक आट्यांचे) आणि अदबीने विचारलं, "यात ड्राइव्ह कुठे लावायचे?"

"लावायचेच नाहीत."

आप्पा 'बरं' म्हणाले. ते 'बरं' मी ओळखतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला फोन आला, बॅटरी धरायला ये.

त्यांनी जुन्या कॅबिनेटमधला बोर्ड काढला होता आणि त्या जागी, मधोमध, तो मिनी पीसी दोन झिप-टायने बांधला होता. वर पूर्वीच्याच खणात ४० जीबीची डिस्क. तिची चपटी केबल एका कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर यूएसबीने मिनी पीसीला. डिस्कला वीज हवी म्हणून जुना एसएमपीएस जागेवरच ठेवला होता. बोर्ड नसला की एसएमपीएस आपणहून चालू होत नाही. त्याच्या मोठ्या प्लगातली हिरवी तार काळीला जोडावी लागते. लोक त्यासाठी कागदाची क्लिप खुपसतात. आप्पांना असला धसमुसळेपणा आवडत नाही. त्यांनी त्या दोन तारांना पलंगाशी पूर्वी लोंबायचा तो नासपतीच्या आकाराचा बेडस्विच लावला होता. बिन कार्ड: 'जावक १, शिल्लक २.'

मी उजेड धरला. आप्पांनी बेडस्विच दाबला. पंखा फिरला, डिस्कने गळा साफ केल्यासारखा आवाज केला आणि थोड्या वेळाने पडद्यावर ई ड्राइव्ह उगवला: ३७.२ जीबी.

"आलं," आप्पा म्हणाले. "तूटसुद्धा तेवढीच आहे."

मुलगी दारात उभी होती. "बाबा, जागा वाचावी म्हणून दिला होता हो तो."

"वाचलीच की! त्याला वेगळी जागा लागलीच नाही. जुन्यातच बसला."

काकूंनी पदर खोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना संधी दिसत होती. "मग आता पलंगाखालचं जुनं सामान काढायला हरकत नाही ना?"

आप्पा मिनी पीसीचा रिकामा खोका, थर्मोकोलसकट, पलंगाखाली सरकवत होते. त्यांनी मान वर केली.

"जुनं?" ते म्हणाले. "कोणतं?"